मालेमचे कान

आमचं काम उलटं चालतं. चांगली बाजू खाली आणि मातकट बाजू वर. झिलई दिलेल्या फरश्या छिन्नीने फोडून त्यांचे छोटे छोटे तुकडे करायचे, आणि ते तुकडे रंगाची बाजू जमिनीकडे करून एकाला एक खेटून मांडायचे. मांडणाऱ्याला दिसते ती नुसती भाजकी माती. नक्षी त्याच्या डोक्यात असते. सगळं मांडून झालं की वरून माल, म्हणजे सिमेंट-जिप्समचा लगदा, ओतायचा, तो घट्ट झाला की चौघांनी मिळून पट उचलायचा आणि उलटायचा. तोपर्यंत आत काय आहे ते अल्लाला ठाऊक आणि मांडणाऱ्याला ठाऊक. कधी कधी मांडणाऱ्यालाही नसतं.

मोरोक्कोतल्या फेज शहरातल्या आमच्या कारखान्यात मी चाळीस वर्षं छिन्नी चालवली. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा माझ्या नावाला मानाचं 'सी' लावून मालेम म्हणाले, "सी मफद्दल, तुम्ही आता दाराशी बसा आणि तुकडे निवडा." तेव्हापासून मी तुकडे रंगांप्रमाणे वेगळे करतो, मोजतो आणि ट्रेमध्ये पालथे लावून ठेवतो. पालथे अशासाठी, की मांडणाऱ्याला ते हातात फिरवत बसावं लागू नये. उचलला की ठेवला.

मालेम म्हणजे आमचे उस्ताद, जिलाली. कारखाना त्यांचा, आणि हातात कसब असं की बोटांना डोळे असावेत. फक्त राग फार. म्हणजे पूर्वी फार होता. कुणी चूक सांगितली की आधी आवाज चढायचा, मग पायातली पिवळी चप्पल निघायची. माणसाला त्यांनी ती कधी मारली नाही, समोरच्या भिंतीवर मारली. भिंतीवर त्या एका जागी पिवळट डाग पडला होता. अर्ध्या तासाने तेच मालेम पुदिन्याचा चहा आणि गरम स्फेंज घेऊन यायचे. स्फेंज म्हणजे पिठाची तळलेली कडी, दोऱ्यात ओवलेली. ती आली की समजायचं, ढग बरसून गेला. त्यामुळे आम्हाला चुकीचा भाव माहीत होता. एक आरडाओरडा, एक चप्पल, एक स्फेंज. परवडायचं.

मग दोन वर्षांपूर्वी मालेमच्या छातीत दुखलं. डॉक्टर म्हणाला, राग सोडा नाहीतर जग सोडा. त्यांची बायको लल्ला रकिया, म्हणजे रकियाबाई, फार कडक. तिने घरी बसवून त्यांच्याकडून घोकून घेतलं, की कुणी काहीही सांगितलं तरी हसायचं आणि म्हणायचं, "काही हरकत नाही."

आणि मालेम हसायला लागले.

ते हसू ज्याने पाहिलं नाही तो नशीबवान. ओठ बाजूला जायचे, दात दिसायचे, डोळे मात्र जागच्या जागी राहायचे. जसं काही एखाद्याने दाराला रंग दिलाय आणि आत घर जळतंय. आवाज मधासारखा. "काही हरकत नाही, बाळा." आणि तेवढ्यात कान लाल व्हायचे. तोंडावर त्यांनी ताबा मिळवला होता, कानांवर मिळवता आला नाही.

हे पहिल्यांदा अय्यादच्या लक्षात आलं. अय्याद आमचा मांडणारा. सत्तावीस वर्षांचा, लांब बोटांचा आणि त्याहून लांब जिभेचा. त्याने कानांचा पंचांगासारखा उपयोग सुरू केला.

सकाळी आला की तो मला दारातच विचारायचा, "मफद्दलचाचा, आज कान कसे आहेत?"

"गुलाबी."

"मग सुट्टीचं विचारून टाकतो."

किंवा मी म्हणायचो, "भट्टीतल्या विटेसारखे."

"मग सुट्टी गेली खड्ड्यात. चुलत्याचं लग्न माझ्याशिवाय होईल."

आम्ही हसायचो. पण हळूहळू त्यातली गंमत कमी झाली. त्याच सुमाराला हम्मादीने मालेमना सांगितलं, की भट्टीतल्या सगळ्या काळ्या फरश्यांना फोड आलेत. भट्टीचं काम हम्मादीकडे होतं. मालेम हसले. म्हणाले, "काही हरकत नाही, हम्मादी. तू घरी जा, आराम कर." कान अगदी डाळिंबासारखे. हम्मादी घरी गेला. पुढच्या सोमवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मालेमनी त्याच्याबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. आमचं आम्हीच समजून घेतलं. त्या दिवसापासून कारखान्यात सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली. भट्टीच्या दाराला तडा गेला, कुणी सांगितलं नाही. टेबलासाठी केलेला एक पट उलटल्यावर त्याच्या काठाला पांढऱ्याच्या जागी निळं निघालं. ते मांडताना, तुकडा हातात असतानाच, दोघांना दिसलं होतं, पण दोघंही कानांकडे बघून गप्प बसले होते.

आणि खरं सांगायचं तर माझ्याही पोटात एक गोष्ट होती. ती पुढे येईलच.

वसंतात मुलींच्या शाळेच्या पाणपोईचं काम आलं. नळाच्या मागे भिंतीला लावायचा मोठा गोल पट. नक्षी काढली लल्ला बतूलने. ती आमच्याकडे कागदावर नक्षी आखते आणि कुठल्या रंगाचे किती तुकडे लागतील ते मोजून देते. तिची आकडेमोड कधी चुकत नाही आणि ती सहसा बोलत नाही. मधोमध सोळा टोकांचा तारा, त्याच्याभोवती हिरव्या बदामांचं कडं, त्याच्याबाहेर मधरंगी बदामांचं कडं. बदाम म्हणजे बदामाच्या आकाराचे तुकडे. हिरवे अठ्ठेचाळीस, मधरंगी चोवीस, आणि सगळे एकाच मापाचे.

मालेम म्हणाले, "हा पट अय्याद एकटा मांडेल."

आमच्या कारखान्यात याला फार मोठा अर्थ आहे. माणसाने एकट्याने मांडलेला पहिला पट उलटला आणि तो निर्दोष निघाला, की त्या क्षणापासून त्यालाही मालेम म्हणायचं. सगळ्यांच्या समोर, मोठ्याने. चूक निघाली तर पुन्हा कधी एकटा पट मिळेल ते सांगता येत नाही. एकाला अकरा वर्षं मिळाला नव्हता. अय्यादच्या आईने तर त्याच दिवशी गल्लीभर सांगून टाकलं, "माझा मुलगा गुरुवारी मालेम होणार." बेकरीवाल्यालाही सांगितलं.

सोमवार, मंगळवार अय्याद मांडणीच्या पाटाशी गुडघे टेकून तुकडे लावत होता. मी ट्रे भरून देत होतो. तारा झाला. हिरवं कडं झालं. मंगळवारी दुपारी मधरंगी कडं शेवटाला आलं, आणि असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, अजान झाली. अय्यादने घाईत ट्रेमधला शेवटचा, चोविसावा तुकडा उचलला, तो बोटांतून निसटला, जमिनीवर पडला आणि उताणा झाला.

तो हिरवा होता.

मुलं असोत की मोठे, इथे जरा थांबून विचार करावा लागतो, म्हणून सांगतो. तुकडे मोजून आणलेले होते. मधरंगी ट्रेमध्ये एक हिरवा निघाला, म्हणजे हिरव्या ट्रेमध्ये एक मधरंगी गेला होता. आणि तो आता हिरव्या कड्यात कुठेतरी पालथा पडून होता. अठ्ठेचाळिसांपैकी कुठला, ते वरून कळायला मार्ग नव्हता.

अय्यादने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि हिरवा तुकडा खिशात टाकला. मग कापणाऱ्याकडे जाऊन एक मधरंगी बदाम मागून आणला आणि कडं पुरं केलं.

त्याने मान वर केली तेव्हा मी त्याच्याकडेच बघत होतो.

"चाचा," तो हळूच म्हणाला, "तुम्ही काही पाहिलं नाही."

"नाही पाहिलं," मी म्हणालो. "पण सगळं पाहिलं. सांग त्यांना."

"कान बघितलेत आज? शाळेच्या बाई दोनदा येऊन गेल्या. कान कसले, निखारे झालेत. सांगितलं तर हसतील. 'काही हरकत नाही, घरी जा, आराम कर.' हम्मादी अजून आरामच करतोय."

"आणि उलटल्यावर दिसेल तेव्हा?"

"उलटल्यावर... मुली पाणी पितील. पाणी पिताना कोण कडं मोजतं?"

"मुली मोजतात," मी म्हणालो. "नळाशी रांगेत उभं राहिलं की मुलांना दुसरं काम काय असतं?"

तो पाटावरचा चुरा झाडायला लागला. मीही माझ्या ट्रेकडे वळलो. सांग म्हणणं सोपं होतं. ट्रे कुणी भरले होते, हे मी तरी कुठे सांगत होतो?

बुधवारी सकाळी माल ओतायचा होता. मालेम स्वतः घमेल्यात पांढरं सिमेंट आणि जिप्सम कालवत होते. हा माल एकदा पाण्यात पडला की कुणासाठी थांबत नाही, पाव तासात दगड होतो. अय्याद पाटाशी उभा होता, एक हात खिशात. तो हात खिशात सारखा हलत होता. बतूल कागद गुंडाळत होती. तिने त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

मालेमनी घमेलं उचललं. "बिस्मिल्ला."

"मालेम," अय्याद म्हणाला. आवाज असा, जसा काही दुसऱ्याच कुणाचा. "थांबा."

त्याने खिशातून हात काढला आणि हिरवा बदाम मालेमच्या तळहातावर ठेवला. "हा मधाच्या ट्रेमध्ये निघाला. हिरव्या कड्यात एक मधाचा आहे. कुठे आहे ते मला माहीत नाही. मला कालच कळलं होतं."

मालेमनी घमेलं खाली ठेवलं. तुकड्याकडे पाहिलं. मग ओठ बाजूला गेले, दात दिसले, आणि कान पेटले.

"काही हरकत..."

"हसू नका, मालेम."

आम्ही सगळे वळलो. लल्ला बतूल बोलत होती. तिचा आवाज आम्ही महिन्यातून एखाद्या वेळी ऐकायचो, तोही आकड्यांपुरता.

"काय म्हणालीस?" मालेम हसतच म्हणाले.

"हसू नका म्हणाले. तुम्ही हसलात की आम्हाला भीती वाटते."

"मी रागावलोय का? मी ओरडलो का? दोन वर्षांत एकदा तरी ओरडलो?"

"ओरडत होतात तेव्हाही मला भीती वाटायची. हे लोक तेव्हा बोलायचे, मी तेव्हाही गप्प होते. आता सगळेच गप्प असतात, एवढाच फरक. तुमच्या पोटात काय चाललंय ते कुणाला कळत नाही. म्हणून सगळे तुमचे कान बघतात."

"माझे कान?" मालेमनी दोन्ही हात कानांना लावले. एका हाताला जिप्सम होतं, ते कानाला लागलं. "माझ्या कानांना काय झालं?"

 शेवटी कापणाऱ्यांपैकी एकजण खाली बघत म्हणाला, "लाल होतात, मालेम. आम्ही त्यावरून सुट्टी मागतो."

मालेम तसेच उभे राहिले, एक कान पांढरा, एक लाल. ते हसू हळूहळू उतरलं. खाली त्यांचा खरा चेहरा होता. दमलेला, आणि चांगलाच रागावलेला. मला वाटलं, आता चप्पल निघणार.

"मला राग आलाय," ते म्हणाले. ओरडले नाहीत. 'मला तहान लागलीय' म्हणावं तसं म्हणाले. "फार राग आलाय. उद्या शाळेला पट द्यायचाय, आणि तू काल सांगू शकत होतास. मी जरा नळावर जाऊन येतो. कुणी कुठे जाऊ नका."

हिरवा तुकडा त्यांनी खिशात टाकला आणि ते अंगणात गेले. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.  अय्याद पुटपुटला, "संपलं. आईला आता बेकरी बदलावी लागणार."

मालेम परत आले, दाढीतून पाणी गळत होतं. "राग अजून आहे," ते म्हणाले, "पण आता ऐकू येतंय. बोल. तुकडा तिकडे गेला कसा?"

अय्याद बोलायच्या आधी मी उठलो. गुडघे वाजले. "अय्यादने नाही घातला. ट्रे मी भरतो. मला डाव्या डोळ्याने सहा महिन्यांपासून धूसर दिसतं, मालेम. उजेड कमी झाला की हिरवा आणि मधाचा मला सारखेच दिसतात. सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घरी जा, आराम कर. हम्मादीसारखं."

"हम्मादीसारखं म्हणजे?"

"त्याला काढलंत ना तुम्ही."

"मी?" मालेम आमच्याकडे वेड्यासारखे बघायला लागले. "हम्मादीला मी काढलं? अरे, त्याच्या मेहुण्याने मेकनेसला भट्टी टाकली, तो तिकडे गेला! मी त्याला निरोपाला कोकरू दिलं! तो दर शुक्रवारी फोन करतो, तासभर डोकं खातो!"

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

 तेवढ्यात घमेल्याकडे कुणाचं तरी लक्ष गेलं. माल दगड झाला होता. थापी त्यात उभीच्या उभी रुतून बसली होती. पहिल्यांदा अय्याद फिस्सकन हसला, मग सगळेच. मालेमही हसले. या वेळी डोळ्यांसकट.

मग कामाला लागलो. खेटून बसलेले तुकडे मधूनच एक काढता येत नाही. कडं एका टोकापासून उचलत जायचं. अय्याद चाकूच्या टोकाने एकेक बदाम उचलून बघत होता आणि ट्रेमध्ये पालथा ठेवत होता. हिरवा. हिरवा. हिरवा. एकतिसावा मधाचा निघाला. त्याने तो पाटाच्या कडेला पालथा ठेवला.

"सरक," मालेम म्हणाले, "वेळ गेलाय. मी लावतो, माझा हात लवकर चालतो."

ते गुडघ्यांवर बसले आणि भराभर लावायला लागले. लावता लावता हम्मादीच्या गोष्टी सांगत होते. तिकडच्या भट्टीत त्याने पहिल्याच आठवड्यात मेहुण्याच्या भुवया कशा जाळल्या, आणि बायकोने त्या काजळाने काढून त्याला कामाला कसं पाठवलं. आम्ही पोट धरून हसत होतो. बतूलसुद्धा. तीस बदाम लागले, शेवटची जागा उरली. मालेमनी बोलता बोलता हात लांबवला, हाताला आला तो तुकडा ठेवला, अंगठ्याने दाबला आणि उठले.

नवं घमेलं आलं. नवा माल कालवला. "आता लवकर," मालेम म्हणाले. "बिस्मिल्ला."

अय्याद पाटाकडे बघत होता. त्याचा चेहरा असा उतरला की मला धूसर डोळ्यानेही दिसलं. त्याने पाटाची कडा पाहिली. तिथे काही नव्हतं. मग त्याने मालेमच्या खिशाकडे पाहिलं.

आपली चूक सांगणं वेगळं. उस्तादाची चूक, उस्तादाला, सगळ्यांच्या समोर, घमेलं हातात असताना सांगणं फार वेगळं. शिवाय आता कुणी त्याला दोष देणार नव्हतं. शेवटचा तुकडा मालेमनी लावला होता. गप्प राहिला असता तरी चाललं असतं.

घमेलं कलंडलं.

"थांबा," अय्याद म्हणाला. "मालेम, तुमच्या खिशात काय आहे?"

"माझ्या खिशात? किल्ल्या. का?"

"आणखी?"

मालेमनी घमेलं टेकवलं, खिशात हात घातला, आणि तो बाहेर काढला तेव्हा तळहातावर हिरवा बदाम होता.

म्हणजे काढलेला मधाचा तुकडा त्याच कड्यात परत जाऊन बसला होता.

कुणी हसलं नाही. कानाला जिप्सम लागलेलं होतं तरी त्याखालून लाली चढताना दिसत होती. मालेमनी तोंड उघडलं, मिटलं. पायातल्या चपलेकडे पाहिलं. मग अंगणात गेले. नळ सुटला. या वेळी अंमळ जास्तच वेळ.

परत आले तेव्हा त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. "सी मफद्दल, शुक्रवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. मी बरोबर येतो, माझेही दाखवायचे आहेत." मग त्यांनी हिरवा बदाम पुढे केला आणि मोठ्याने, भट्टीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हा तू लाव, मालेम अय्याद."

अय्याद हात पुढे करेना. "अजून उलटलेला नाही, मालेम. उलटल्यावर म्हणतात."

"कारखाना माझा आहे. मी आत्ता म्हणतो."

दुसरं घमेलंही तोवर दगड झालं होतं. तिसरं ओतलं. गुरुवारी चौघांनी पट उलटला, अठ्ठेचाळीस हिरवे होते, मी बतूलकडून दोनदा मोजून घेतले. स्फेंज मालेमनी आणलं. रीत अशी की नव्या मालेमने आणायचं, पण अय्यादची आई आधीच बेकरीतून टोपलीभर घेऊन आली होती, तेव्हा दोन्ही खावं लागलं.

ते दोन दगड आम्ही घमेल्यांतून ठोकून काढले आणि दाराशी पालथे घातले. एक अय्यादचा, एक मालेमचा. बसायला छान आहेत. कुणाला काही वाईट बातमी सांगायची असली की तो येऊन पहिल्यावर बसतो. मालेम ते बघतात, आधी नळावर जाऊन येतात, आणि मग दुसऱ्यावर बसतात. कान अजूनही लाल होतात. पण हल्ली आम्ही तिकडे फारसं बघत नाही. राग आला की ते सांगतातच.